माया गावांत जंगलाचा अभ्यास: आधी काय, नंतर काय

परदेशात पर्यावरण किंवा वनव्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींचे फोन अधूनमधून येतात. त्यांना मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतल्या मूळनिवासी माया लोकांच्या गावांत जंगलाचा अभ्यास करायचा असतो. निम्म्यांची सुरुवात एकाच वाक्याने होते: "तिकीट काढलंय, आता एखादं गाव सुचवा ना." इथेच गाडं उलटं जुंपलेलं असतं. तिकीट, प्रश्नावली, व्हिसा आणि सगळ्यात शेवटी गावाची परवानगी या क्रमाने गेलात, तर तीन महिन्यांतले दोन पुंता गोर्दा या जिल्ह्याच्या गावी लॉजमध्ये बसून काढावे लागतात. मी प्रबंधासाठी दक्षिण बेलीझच्या टोलेडो जिल्ह्यात राहिले, तेव्हा यातल्या निम्म्या चुका स्वतः केल्या. म्हणून हा लेख प्रामुख्याने टोलेडोचा आहे. ग्वातेमालातलं पेतेन आणि मेक्सिकोतलं किंताना रो जिथे वेगळं पडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

निघण्याच्या तारखेआधी किमान दहा महिने हातात हवेत. सहा महिने उरले असतील, तर या वर्षी एखाद्या संस्थेच्या छोट्या फील्ड कोर्सला जा आणि संशोधन पुढच्या वर्षावर ढकला.

## १. आधी जंगलाचा मालक कोण ते बघा, मग देश निवडा

"माया समाज" हा शब्द प्रस्तावात एकटा लिहू नका. एकट्या ग्वातेमालात २२ माया भाषांना कायदेशीर मान्यता आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जंगलावरचा हक्क प्रत्येक देशात वेगळा आहे, आणि तुमचा अभ्यास शेवटी त्या हक्काचाच असतो.

टोलेडो, बेलीझ. इथे मोपान आणि केक्ची माया राहतात. जमीन रिवाजाने गावाची, आणि कोणी कुठे शेत करायचं ते गाव ठरवतं. २००७ मध्ये कोनेहो आणि सान्ता क्रूस या दोन गावांच्या बाजूने बेलीझच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एप्रिल २०१५ मध्ये कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसने (बेलीझसाठी अपिलाचं शेवटचं न्यायालय) हा रिवाजी हक्क टोलेडोतल्या सगळ्या माया गावांसाठी मान्य केला. अंमलबजावणीवरून सरकार आणि गावांची ओढाताण त्यानंतरही थांबलेली नाही. देशाची राजभाषा इंग्रजी असल्याने आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सुरुवात सोपी जाते.

पेतेन, ग्वातेमाला. १९९० मध्ये जाहीर झालेलं माया बायोस्फिअर रिझर्व्ह सुमारे २१ लाख हेक्टरचं आहे. त्यातल्या बहुउपयोगी पट्ट्यात गावांना २५ वर्षांच्या करारावर जंगल दिलं जातं, त्याला कन्सेशन म्हणतात. जमीन सरकारचीच राहते. गाव प्रमाणित पद्धतीने महोगनी तोडतं आणि शातेची पानं (सजावटीत वापरायचा छोटा ताड), चिक्ले (च्युइंगगमचा चीक), ऑलस्पाइस हा मसाला, रामोन झाडाच्या बिया गोळा करतं. वाशाक्तून आणि कार्मेलिता ही त्यातली प्रसिद्ध गावं. कार्मेलिताचा करार २०१९ मध्ये वाढवून मिळाला. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: कन्सेशनच्या गावांतले सगळेच माया नाहीत. तिथे चिक्ले काढायला आलेल्या मिश्र कुटुंबांचीही वस्ती आहे. "माया वनज्ञान" असं शीर्षक घेऊन तिथे गेलात, तर पहिल्याच संध्याकाळी शीर्षक बदलावं लागेल.

किंताना रो, मेक्सिको. फेलिपे कारिल्यो पुएर्तोच्या आसपासची युकातेक माया गावं एहिदो पद्धतीने जमीन सामूहिक धरतात. गावाने स्वतः लाकूडतोडीचं नियोजन करण्याचा मोठा प्रयोग इथे १९८३ मध्ये सुरू झाला. स्पॅनिश पक्की हवी.

माझं मत विचाराल तर, पहिल्यांदा जाणाऱ्याने टोलेडो निवडावं. पण "राखीव उद्यान की गावाचं व्यवस्थापन, जंगल कुठे जास्त टिकतं?" हा प्रश्न असेल, तर पेतेनला पर्याय नाही. तिथे पश्चिमेकडच्या लागुना देल तिग्रे या कडक संरक्षित उद्यानात मोठी जंगलतोड झाली, आणि चालू कन्सेशनमधलं जंगल बहुतांशी उभं आहे.

तपासा: "या गावात जंगलाचा निर्णय कोण घेतं, आणि तो हक्क त्याला कुठल्या कागदाने किंवा रिवाजाने मिळाला?" याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. प्रश्न छाटा

"माया लोकांचं पारंपरिक ज्ञान आणि शाश्वत विकास" हा विषय नव्हे, ग्रंथालयातला कप्पा आहे. एका हंगामात होईल असा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, माया माउंटन नॉर्थ फॉरेस्ट रिझर्व्हमध्ये शेतकऱ्यांना सावलीतल्या कोकोसाठी रीतसर जागा दिली आहे. त्यांच्या शेतांत कोकोवर कुठली झाडं राखली जातात आणि का? किंवा, शाते तोडणाऱ्या कुटुंबाला मापावर पैसे मिळतात की पानाच्या प्रतीवर, आणि त्याचा तोडीवर काय परिणाम होतो?

सावधान: औषधी वनस्पती पहिल्या खेपेला प्रश्नावलीतून काढा. १९९८ मध्ये मेक्सिकोच्या चियापास राज्यात अमेरिकन निधीतून माया औषधी वनस्पतींवर मोठा संशोधन प्रकल्प सुरू झाला. संमती कोणाकडून घ्यायची, नफ्यात वाटा कोणाचा, यावरून स्थानिक वैदूंच्या संघटनांनी विरोध केला आणि २००१ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. ही आठवण सीमेपलीकडच्या गावांतही पोचलेली आहे. "तापावर कुठला पाला लावता?" असं तुम्ही सहज विचारता, समोरच्याला ती चोरीची पहिली पायरी वाटते.

## ३. भाषा: स्पॅनिशवर थांबू नका

पेतेन किंवा मेक्सिकोसाठी निदान पाच-सहा महिने स्पॅनिश शिका. ग्वातेमालात आन्तिग्वा आणि केत्साल्तेनांगो इथे एकास एक शिकवणी मिळते. पेतेनमध्येच शिकायचं तर पेतेन इत्सा सरोवराकाठच्या सान होसे गावात इत्सा माया लोकांची बियो-इत्सा ही संस्था भाषाशाळा चालवते आणि स्वतःचं राखीव जंगलही सांभाळते. म्हणजे शिकता शिकता अर्धा विषय डोळ्यांसमोर.

टोलेडोत इंग्रजीवर काम चालतं, पण ते तरुण पुरुषांशी. आजी आणि शेतावरचे म्हातारे केक्ची किंवा मोपानच बोलतात. रोमन लिपीतल्या माया शब्दांत एक्सचा उच्चार 'श' होतो. स्पॅनिश नावांतला जे 'ह'सारखा. सगळ्यांत जास्त घोटाळा या दोन अक्षरांनी होतो. घशात अडकवून सोडायची व्यंजनं मात्र आपल्याकडे नाहीत. ती ऐकूनच येतात.

केक्चीत "मा सा सा ला चोल?" म्हणजे "तुझं काळीज सुखात आहे ना?" उत्तर "सा", आभाराला "बांतिओश". पहिल्या आठवड्यात एवढंच रोज पन्नास वेळा म्हणा. मुलं हसतील. हसू द्या.

## ४. स्थानिक संस्थेशिवाय पत्र पाठवू नका

तुमच्या विद्यापीठाचा शिक्का गावात चालत नाही. तिथल्या ओळखीच्या संस्थेमार्फतच जायला हवं. टोलेडोत याशचे कॉन्झर्वेशन ट्रस्ट (याशचे म्हणजे पांढरी सावर, मायांचं पवित्र झाड) आणि पुंता गोर्दातली टाइड या संस्था जंगलावर काम करतात. गावांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना म्हणजे टोलेडो आल्काल्देज असोसिएशन आणि माया लीडर्स अलायन्स. पेतेनमध्ये कन्सेशनच्या गावांची शिखर संघटना आकोफोप, १९९५ पासूनची. मेक्सिकोत एकोसुर या संशोधन संस्थेतले प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून मिळू शकतात.

जंगल राखणारी संस्था आणि हक्कांसाठी लढणारी संघटना यांचं एकमेकांशी नेहमी पटतंच असं नाही. एकीच्या गाडीतून गावात उतरलात की दुसरी तुम्हाला तिचाच माणूस समजते. म्हणून पहिलं पत्र दोघींना एकाच दिवशी पाठवा आणि दोन्हीत तसं लिहा.

पत्र एका पानाचं असू द्या: तुम्ही कोण, पैसा कुणाचा, किती दिवस, गावाकडून काय हवं, गावाला काय मिळेल. शेवटच्या ओळीत "तुमच्या विकासाला हातभार लावायचा आहे" असलं काही लिहू नका. हातभार त्यांचा लागणार आहे, तुमच्या पदवीला.

## ५. गावाची संमती

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

आधी पार्श्वभूमी समजून घ्या. टोलेडोच्या दक्षिण टोकाला सारस्टून-टेमाश राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये जाहीर झालं. आजूबाजूच्या गावांना आपलं जंगल उद्यानात गेल्याचं कळलं ते काही वर्षांनी. त्यामुळे "संवर्धन" हा शब्द घेऊन येणाऱ्या पाहुण्याकडे गाव सावधपणे बघतं. मेळघाटातून उठवलेल्या गावांशी बोललेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

कामाचा क्रम असा ठेवा.

पहिलं, योग्य माणूस. टोलेडोच्या गावात दोन पदं असतात. आल्काल्दे हा रिवाजाने निवडलेला प्रमुख: जमीन, तंटे, गावकामं त्याच्याकडे. व्हिलेज कौन्सिलचा चेअरमन कायद्याने निवडून येतो, आणि पाणी-रस्ते यांसारख्या कामांसाठी सरकारशी बोलतो. मी चेअरमनला भेटून परवानगी मिळाली असं समजले आणि कामाला लागले. आल्काल्दे मला काहीच बोलले नाहीत. फक्त कोणी मुलाखत देईना. कारण कळायला दोन आठवडे लागले. आधी आल्काल्दे, मग चेअरमन, आणि त्याच दिवशी.

दुसरं, सभा. आल्काल्दे स्वतःच्या अधिकारात "हो" म्हणाले तरी सभेची विनंती करा. सभेत तुमचं बोलणं दहा मिनिटांचं, भाषांतरासह वीस. मग गप्प बसा. लोक आपल्या भाषेत तासभर बोलतील आणि तुम्हाला काही कळणार नाही. मध्येच "काय म्हणताहेत?" असं विचारू नका. ती चर्चा तुमच्यासाठी नसते.

तिसरं, "नाही"ची सोय. मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हा शब्दप्रयोग तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या अर्जात असतोच. टोलेडोत तो कोर्टकचेरीतून आलेला जिवंत शब्द आहे आणि गावातले लोक तो नीट जाणतात. म्हणून पर्यायी गाव आधीच ठरवून ठेवा. पर्याय नसला की विद्यार्थी नकळत दबाव टाकतो.

चौथं, सही. संमतीपत्रावर प्रत्येकाची सही घ्यायचा हट्ट समितीकडेच मोडून काढा आणि तोंडी संमतीची मान्यता आधी मिळवा. जमिनीच्या वादात अडकलेल्या माणसाला अनोळखी पाहुणी कागद पुढे करून "इथे सही" म्हणते, तेव्हा त्याला काय वाटत असेल? कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी गेल्याच्या गोष्टी आपल्या पालघर-नंदुरबारमध्येही काही कमी नाहीत.

तपासा: सभेचा निर्णय, तारीख आणि गावाच्या अटी आल्काल्देंच्या शब्दांत लिहून घेतल्या का? एक प्रत त्यांच्याकडे राहिली का?

पहिल्या पत्राला होकार आला म्हणून सभा टाळता येत नाही. घरी बसून पत्राने मिळते ती येण्याची परवानगी. काम करण्याची परवानगी तिथे पोचल्यावर, सभेतच. म्हणून वेळापत्रकात पहिले तीन आठवडे कोरे सोडा.

## ६. सरकारी परवाने

बेलीझमध्ये समाजाविषयीचं संशोधन असेल तर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कल्चर अँड हिस्ट्रीच्या सामाजिक संशोधन विभागाकडे अर्ज करायचा. झाडं, प्राणी, नमुने असतील तर वन विभागाकडे. माती उकरायची असेल, अगदी मातीच्या तपासणीपुरती, तरी पुरातत्त्व विभागाला विचारा. टोलेडोत दगडी चौथरे कुठेही निघतात. ग्वातेमालात संरक्षित क्षेत्रासाठी कोनाप ही यंत्रणा. स्थानिक संस्थेचं पत्र तिथे कामाला येतं, म्हणून चौथा टप्पा आधी.

नमुने घरी आणायचा मोह टाळा. मोठ्या पानाची महोगनी २००३ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, नवजगातला सीडरही त्यात आहे, आणि भारतात बियाणं आणायला प्लँट क्वारंटाइनचे स्वतंत्र नियम आहेत. "मक्याचे चार दाणे तर आहेत" हे विमानतळावर चालत नाही. आणि ते दाणे गावाचेही असतात.

## ७. व्हिसा, मग तिकीट

भारतीय पासपोर्टला तिन्ही देशांसाठी व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटक म्हणून मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बेलीझ आणि ग्वातेमालाच्या सवलती बदलत राहतात. वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या आणि छापून बरोबर ठेवा, कारण ते मुंबईच्या चेक-इन काउंटरवर दाखवावं लागेल.

सर्वांत महाग चूक अशी: स्वस्त दिसलं म्हणून ह्यूस्टन किंवा मायामीमार्गे तिकीट काढणं. अमेरिकेत विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो, आणि मुंबईतल्या मुलाखतीच्या तारखा तुमच्या प्रबंधासाठी थांबत नाहीत. युरोपमार्गे जाताना त्या विमानतळाचा ट्रान्झिट नियम वेगळा बघा.

ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा मिळून मुक्कामाची मर्यादा एकच, ९० दिवसांची. त्यामुळे "होंडुरासला जाऊन परत येते, शिक्का नवा होईल" हा जुना सल्ला फसवा आहे. बेलीझ या गटात नाही. बेलीझमध्ये पर्यटकाला ठरावीक दिवस मिळतात आणि पुढे पैसे भरून वाढवावे लागतात. ते बजेटमध्ये धरा.

सावधान: ग्वातेमाला आणि बेलीझ यांच्यातला सीमावाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात आहे. हालाक्तेसारख्या सीमेवरच्या गावातून लोक बाजाराला पलीकडे ये-जा करतात. ते त्यांचं. तुम्ही पायवाटेने पलीकडे गेलात तर पासपोर्टवर शिक्का नसलेली परदेशी व्यक्ती ठरता. रस्त्याने जाताना शिक्का मिळतो तो बेलीझकडच्या बेन्के आणि ग्वातेमालाकडच्या मेल्चोर दे मेन्कोसच्या नाक्यावर.

## ८. हंगाम, तब्येत, पिशवी

शेत बघायचं तर फेब्रुवारी ते जून. मिल्पासाठी, म्हणजे मक्याच्या फिरत्या शेतासाठी, झाडोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात, एप्रिल-मेमध्ये जाळतात, पहिल्या पावसाला मका टोकतात. कोकणातली राबभाजणी पाहिलेल्याला हा धूर ओळखीचा वाटेल. नदीकाठी न जाळता केलेलं दुसरं पीक, माताआम्ब्रे, नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात. फक्त जून ते ऑगस्टच्या सुट्टीत गेलात तर तोड आणि आग दोन्ही हुकतात, पाऊस मात्र भरपूर मिळतो. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर.

डॉक्टरांना जाण्याआधी सहा आठवडे भेटा: टायफॉइड, कावीळ, धनुर्वात, रेबीज. बेलीझला जून २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त जाहीर केलं, पण डेंग्यू तिन्ही देशांत आहे. पेतेनच्या जंगलात वाळूमाशीमुळे होणारा, न भरणारा फोड चिक्ले काढणाऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो. तीन-चार आठवडे न भरणारी जखम परतल्यावर डॉक्टरांना दाखवताना "लेश्मानिया" हा शब्द तुम्हीच उच्चारा. परतीचा मार्ग पनामा किंवा दक्षिण अमेरिकेतून असेल तर पीतज्वराच्या दाखल्याचा भारताचा नियम आधी बघा. तो दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिथेच घ्या, सगळे तेच घालतात. पिवळ्या हनुवटीचा विषारी साप, बेलीझमध्ये टॉमीगॉफ आणि पेतेनमध्ये बार्बा आमारिया, पालापाचोळ्यात दिसत नाही. आणि चेचेमचं झाड पहिल्याच दिवशी कोणाकडून तरी ओळखून घ्या. काळा चीक, अंगाला लागला की बिब्बा उतल्यासारखं होतं. योगायोग नाही, दोन्ही झाडं एकाच कुळातली. टेकायला झाड दिसलं की आधी वाटाड्याकडे बघायचं.

शाकाहारी असाल तर यजमान कुटुंबाला संस्थेमार्फत आधी कळवा. आयत्या वेळी कोंबडीचा रस्सा, म्हणजे काल्दो, नाकारणं फार वाईट दिसतं, कारण ती कोंबडी तुमच्यासाठी कापलेली असते. काळा घेवडा, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची भाकरी, अंडी, भोपळा, चायाची पालेभाजी यावर छान भागतं. चाया मात्र शिजवूनच. कच्च्या पानात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

## ९. गावातले पहिले पंधरा दिवस

पुंता गोर्दाहून बऱ्याच गावांच्या बस सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी असतात. सकाळी गावाकडून येतात, दुपारच्या सुमारास परततात. मंगळवारी दुपारी उतरलात तर बुधवारपर्यंत तिथेच. गावात एटीएम नाही. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर पक्का आहे. भाव सांगितला की कुठला डॉलर ते विचारा. सुट्टे पैसे घेऊन चढा.

या दिवसांत वही उघडू नका. फाहिना, म्हणजे गाव मिळून रस्ते-मैदान साफ करण्याचं काम, असेल तर जा. बायकांबरोबर गिरणीवर मका दळायला जा. दुभाषा बहुतेकदा पुरुष असतो आणि त्याच्यासमोर बायका नवऱ्याकडे बघून उत्तर देतात, म्हणून बायकांसाठी दुभाषी बाईच शोधा आणि तिलाही तितकेच पैसे द्या.

तुम्हाला प्रश्न विचारले जातील: "तुमच्याकडे जंगल कुणाचं?" उत्तर तयार ठेवा. २००६ चा वनहक्क कायदा आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला मिळालेला सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क सोप्या शब्दांत सांगता आला, तर संभाषण दोन्ही बाजूंनी वाहतं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" याचं भाषांतर मी एकदा सभेत केलं. आल्काल्देंनी ते परत म्हणायला लावलं. पेतेनमध्ये असाल तर चिकूचं सांगा. चिक्लेचं झाड म्हणजे आपलं चिकूचंच झाड. ते लोक खोडावर नागमोडी चिरा पाडून चीक काढतात, डहाणू-घोलवडला आपण फळ खातो आणि चिकाकडे बघतही नाही. यावर तासभर गप्पा होतात.

## १०. मोजमाप

क्विंटल. मध्य अमेरिकेत क्विंटल म्हणजे १०० पौंड, सुमारे ४६ किलो. आपल्याकडे १०० किलो. माझ्या पहिल्या तक्त्यात सगळ्यांचं उत्पन्न दुपटीहून जास्त होतं आणि मी आनंदात होते.

जमीन. मान्सान म्हणजे सुमारे ०.७ हेक्टर, काबायेरिया सुमारे ४५ हेक्टर, युकातेकांचं मेकाते २० बाय २० मीटर. उत्तर ज्या मापात येईल त्याच मापात लिहा, रूपांतर रात्री करा.

वामिल. मिल्पानंतर सोडलेली, झाडोरा वाढत असलेली जमीन. ग्वातेमालात ग्वामिल. नकाशावर हिला "पडीक" किंवा "ऱ्हास पावलेलं जंगल" म्हणून रंग दिलात तर पूर्ण अभ्यास वाकडा जातो. वामिल कुणाचं, किती वर्षांचं, त्यातून घरासाठी लाकूड आणि पाला कोण आणतं, हे विचारा. उपग्रहाच्या चित्रात तीन वर्षांचं वामिल आणि उजाड माळ सारखेच दिसू शकतात. प्रत्येक तुकड्यावर शेतकऱ्याबरोबर चालल्याशिवाय रंग भरू नका.

जीपीएस बंद ठेवायच्या जागा आधीच विचारून घ्या: गुहा, जुने चौथरे, शिकारीच्या वाटा. केक्चींचा डोंगर-दरीचा धनी त्सूल्ताका काही गुहांत राहतो. पेरणीआधी त्याची परवानगी मागतात. देवराईत चप्पल घालून न शिरणाऱ्या आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला हे चटकन कळेल.

तपासा (दर रविवारी): नावं वेगळ्या वहीत आणि उत्तरं वेगळ्या वहीत आहेत ना? दुभाष्याचे आठवड्याचे पैसे दिले का? गावाने घातलेली एखादी अट मोडली गेली का?

## ११. निघण्याआधी, आणि परतल्यावर

शेवटचा आठवडा मुलाखतींसाठी वापरू नका. दुसरी सभा मागा आणि जे हाती लागलं ते मोठ्या कागदावर काढून दाखवा. माझ्या वेळी त्या सभेत तीन जणांनी माझ्या चुका दाखवल्या. त्यातली एक, कोको आणि वामिल यांच्या हद्दीची, प्रबंधात गेली असती तर गावाच्याच विरोधात वापरता आली असती. लोक "हे छापू नका" म्हणतील ते तिथल्या तिथे खोडा, सर्वांसमोर.

परतल्यावर प्रबंधाची पीडीएफ संस्थेला मेल केली म्हणजे काम झालं असं समजू नका. बारा-पंधरा पानांचा सोप्या भाषेतला सारांश आणि मोठा रंगीत नकाशा छापा. नकाशा प्लास्टिक लावून, कारण तिथे दमटपणा भयंकर आहे. तीन प्रती: आल्काल्दे, शाळा, यजमान घर. आल्काल्दे दर दोन वर्षांनी बदलू शकतात, म्हणून पाकिटावर व्यक्तीचं नाव न घालता पदाचं घाला. पाकीट पुंता गोर्दातल्या तुमच्या संस्थेकडे पाठवा आणि बाजाराच्या दिवशी दुपारच्या बसने गावी द्यायला सांगा. पोचलं का ते पुढच्या आठवड्यात फोन करून विचारा.